तहसीलदारमामांची बोट

सत्ताधारी पक्षाचा माणूस केबिनमध्ये आला की तहसीलदारमामा खुर्चीतून उठायचे आणि तो जाईपर्यंत बसायचे नाहीत. साहेबच उभे, मग पाहुणा कसा बसणार?

"सार, बसा तरी," वॉर्डातले पक्षाचे सेक्रेटरी काकुळतीला यायचे.

"कंबर धरलीय हो. बसलो की उठवत नाही. तुम्ही बोला."

दोन मिनिटांत भेट आटपायची. पेन्शनसाठी आलेल्या बाईला मात्र मामा आधी खुर्ची देत, मग स्वतः बसत.

मामा आईचे मावसभाऊ, मूळचे तंजावरचे. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि मी त्यांची 'कण्णा', म्हणजे लाडकी. माझे वडील आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात युनियनचे. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. सरकारी माणूस म्हणजे विकलेला, हे मी त्यांतून शिकले होते. मामांनी ते खोडून काढलं. "पक्ष पाच वर्षांनी येतो कण्णा, पाणी दरवर्षी येतं. पाण्याला कुणाचा झेंडा दाखवणार?" हे वाक्य मी कॉलेजातल्या भाषणांत वापरलं, टाळ्याही घेतल्या.

मग आमच्या पेरुंगुडी भागात पुराचं पाणी चढलं. आमची गल्ली सखल, आणि विरोधकांना मत देणारी. शेजारच्या सेल्वी अक्कांच्या आईला धाप लागली. मी मामांना फोन केला.

"बोट निघाली, कण्णा. पहिली तुमच्याकडेच."

बोट आली. आत मामा होते आणि सेक्रेटरी. गल्लीच्या तोंडाशी ती वळली आणि सेक्रेटरींच्या भावाच्या अपार्टमेंटकडे निघाली.

"अय्या, साहेब, आई जाईल हो माझी!" कमरेएवढ्या पाण्यातून सेल्वी अक्का ओरडल्या.

सेक्रेटरी हसले. "मत त्यांना आणि बोट आमची? बोलवा की त्यांनाच! आधी आपली माणसं."

"मामा!" मी हाक मारली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यांचं होऊ दे आधी. मग येतो."

आम्ही घराचं दार उचकटलं, आजींना त्यावर निजवलं आणि पाण्यातून ढकलत मेन रोडवर नेलं. आजी वाचल्या. बोट संध्याकाळी आली. सरकारी बिस्किटांच्या प्रत्येक पुड्यावर पक्षाच्या नेत्याचा फोटो चिकटवलेला होता.

पाणी ओसरल्यावर मामा घरी आले. "तो सेक्रेटरी माझी बदली करवणार होता, कण्णा. मामीची किमो इथे चालू आहे."

ते खोटं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मग सेल्वी अक्कांच्या आईनं काय करायचं होतं, मामा?"

ते कॉफी न घेताच गेले.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. सेक्रेटरींचं नाव लिहिताना हात अडला नाही. त्यांच्यावर मी कधी विश्वास ठेवलाच नव्हता. मामांचं नाव लिहिलं, तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली.

"तेवढं काढ गं. आपला माणूस आहे."

"'आधी आपली माणसं', हेच तर सेक्रेटरी बोटीत म्हणाले होते, आई."

मी नाव तसंच ठेवलं.