खडूने आखलेला दिवस

आमच्या गल्लीत तिला उद्याबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर सगळे ताईच म्हणत, कारण प्रत्येकाचा एखादा तरी कपडा तिच्याकडे अडकलेला असे. शिवण अशी की उलटा घातलेला फ्रॉकही सुलटा वाटावा. पण ‘कधी देणार?’ या प्रश्नाला गेली अकरा वर्षं तिच्याकडे एकच उत्तर होतं. ती खोटं बोलत नसे. दर वेळी ते तिला स्वतःलाही खरंच वाटे.

आळशी म्हणावं, तर बाई सकाळी सहापासून कामाला लागलेली. पण कात्री उचलली की कोणी बटण लावून घ्यायला येई, बटण लावता लावता कोणी मापाला उभं राही आणि माप घेताना त्या बाईचं जावेशी नव्याने काय बिनसलं तेही ऐकावं लागे. संध्याकाळी टेबलावर चार कपडे अर्धे, पुरा एकही नाही.

अशात नर्सिंग कॉलेजच्या मेट्रनबाई चाळीस मुलींच्या गणवेशांचं काम घेऊन आल्या. शपथविधी दहा तारखेला. जाताना त्या म्हणाल्या, की तुमच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नाही म्हणून आले. पण मुली जुन्या कपड्यांत उभ्या राहिल्या, तर या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही. हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की ताईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिचा नवरा बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावतो. घरात त्याचा सल्ला कोणी घेत नाही. त्या दिवशी तिने घेतला.

“अगं, आमची गाडी सुटायची वेळ आधी लिहिलेली असते,” तो म्हणाला. “प्रवासी भरले म्हणून ती सुटत नाही.”

“तुमच्या गाडीला कोणी जावेच्या तक्रारी सांगत नाही.”

“कंडक्टरला विचार.”

दुसऱ्या दिवशी तिने कापायच्या टेबलाच्या कडेला खडूने चौकोन आखले. सहा ते नऊ फक्त कापणं. नऊ ते बारा मशीन. मग स्वयंपाक, जेवण. एक ते चार पुन्हा मशीन. साडेपाचनंतर काज-बटणं. आणि दारावर पुठ्ठा लागला : ‘मापं आणि गप्पा, चार ते साडेपाच.’ गल्ली दुखावली. एवढा तोरा डॉक्टरलाही नसतो, असं एकीने पुठ्ठ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून घेतलं.

डॉक्टरचं माहीत नाही, पण ताईचा तोरा तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी मशीनमध्ये दोरा गुंतला, तो सोडवण्यात वीस मिनिटं गेली, मशीनचा चौकोन स्वयंपाकाच्या चौकोनावर जाऊन बसला आणि भाजी करपली. नवरा जेवायला आला तेव्हा ती ओल्या फडक्याने टेबल पुसत होती. आता हिला काय सांगावं, याची जुळवाजुळव तो मनात करत होता, तेवढ्यात तीच म्हणाली,

“दिवस मी अगदी अंगाबरोबर कापला हो. माया ठेवलीच नाही.”

कपडा शिवताना आतल्या बाजूला थोडं जादा कापड सोडतात, पुढे सैल करावा लागला तर उपयोगी पडतं. त्याला माया म्हणतात. शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना ती हे पहिल्याच दिवशी घोकून घ्यायला लावत असे. स्वतःच्या दिवसाला मात्र ती ठेवायला विसरली होती.

मग प्रत्येक चौकोनापुढे तिने पंधरा मिनिटं कोरी सोडली. दोरा गुंतला तर तो तिथे सुटे. नाही गुंतला, तर ती पाठ सरळ करी. कपड्यांच्या वावराने खडू संध्याकाळपर्यंत पुसला जाई, त्यामुळे दिवस रोज नव्याने आखावा लागे. दुसऱ्या आठवड्यात तिचा हात चहाच्या आधी खडूकडे जाऊ लागला.

आठ तारखेला साडेचारला मेट्रनबाई आल्या. चेहरा तयार करूनच आल्या होत्या, बहुधा भाषणही. फळीवर चाळीस गणवेश, इस्त्री केलेले, प्रत्येकाच्या कॉलरला नावाची चिठ्ठी. मेट्रनबाईंनी दोनदा मोजले. एक उलगडून आतली शिवण पाहिली आणि मापाच्या स्टुलावर बसल्या.

“खरं सांगते, ताई. शपथविधी अठराला आहे. तुमची ख्याती ऐकून होते, म्हणून आठ दिवस आधीची तारीख सांगितली. हे ठेवायला आमच्याकडे कपाटसुद्धा रिकामं नाही.”

दारात आम्ही चार-पाच जण होतो, अर्थात वेळेत आलेले. आता ही फाडकन काहीतरी बोलणार, असं आम्हाला वाटलं. थोडीफार आशाही होती. ताईने उलगडलेला गणवेश घडीवर घडी जुळवून परत ठेवला.

“कपाट रिकामं होईपर्यंत राहू दे इथेच. पुढच्या वेळी मात्र खरी तारीख सांगा, बाई. त्यावर मला दिवस आखावे लागतात.”

मेट्रनबाईंनी पर्समधून डायरी काढली, पानं उलटली आणि पुढच्या तुकडीची तारीख सांगितली.

“खरी?” ताईने विचारलं.

“खरी.”

“मग मिळतील,” ताई म्हणाली. आमच्यापैकी कोणीही हसलं नाही.