तिसरं कडवं चारदा

डोक्याला मार लागलेल्या माणसाचे किस्से त्याच्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांकडेच जास्त साठतात. सकाळी मी काय खाल्लं ते मला दुपारी आठवत नाही. पण मी कुठं काय घोळ घातला ते आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना तोंडपाठ! खालचं निम्मं त्यांनीच मला पुन्हा पुन्हा ऐकवलेलं आहे.

मंडळ म्हणजे कुंभकोणमच्या आम्ही सात-आठ जणी. दर शनिवारी सकाळी जमतो. पेटीवर कामाक्का, वयानं सगळ्यात मोठ्या. आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरातल्या. झांजेवर विसालम मामी. त्या तमिळ, पण विठ्ठलाची सगळी मराठी पदं तमिळ अक्षरांत लिहून पाठ केलेली. आणि पुढं गाणारी मी. पुढचीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती जशीच्या तशी मागून म्हणायची, हा नियम. शाळेत गणित शिकवणं आणि शनिवारी पुढं बसून गाणं, एवढ्या दोनच गोष्टी मला धड येत होत्या.

मग एक बकरी आडवी आली.

*

"हेल्मेट नव्हतं का?" असं सगळे विचारतात. होतं की! स्कूटरच्या हँडलला अडकवलेलं. त्यात वांगी होती.

बकरी पळाली. वांग्यांना खरचटलंसुद्धा नाही. मी मात्र महिनाभर हॉस्पिटलात! शुद्धीवर आले तेव्हा उशाशी कामाक्का बसलेल्या. म्हणाल्या, "उगी राहा गे. वांग्यांची काळजी करूं नको. आम्हीं खाल्लीं."

*

हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण आणि भलतेच गंभीर. एकदा कामाक्का आणि मामी भेटायला आलेल्या असतानाच ते तपासायला आले. म्हणाले, "शंभरातून सात गेले किती?"

मी गणिताची बाई. ताठ बसले आणि ठणकावून सांगितलं, "ब्याण्णव!"

मागून दोघी एका सुरात, "ब्याण्णव!"

डॉक्टर चमकले. "बरं, त्यातून सात गेले?"

"ऐंशी!"

"ऐंशी!" मामींनी तर टाळीही दिली.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. म्हणाले, "या हळूहळू बऱ्या होतील. तुम्हा दोघींचं मात्र काही सांगता येत नाही."

*

घरी आल्यावर रस्ते चुकायला लागले. पाच मिनिटांवरच्या भाजीवाल्याकडे जायचे आणि महामहम तलावाच्या भलत्याच काठाला उभी राहायचे. रडू यायचं. पण मामींनी गल्लीतल्या फूलवालीपासून विड्याच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मी दिसले की कुणीतरी हात धरून घरी आणून सोडायचं. वर घरात बसून कॉफी पिऊन जायचं.

एकदा मला खरोखरच शेजारच्या गावी, स्वामीमलैला जायचं होतं, बहिणीकडे. पहिल्यांदा फूलवालीनं परत आणलं. दुसऱ्यांदा पानवाल्यानं. तिसऱ्यांदा तर चक्क बसमधून उतरवलं! ओरडून सांगितलं, "अहो, मी हरवलेली नाहीये!" कंडक्टर शांतपणे म्हणाला, "सगळे असंच म्हणतात, अम्मा."

बहीणच शेवटी इकडे आली.

*

मार लागल्यावर राग आवरत नाही. मनात येतं ते तोंडातून बाहेर! एका शनिवारी मी सगळ्यांदेखत कामाक्कांना म्हटलं, "तुमच्या पेटीचा एक सूर फुटका आहे. वीस वर्षं फुटका आहे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मामींनी झांज खाली ठेवली आणि "अप्पाडा!" म्हणून मोठा सुस्कारा सोडला. "कुणीतरी बोलेल म्हणून मी वीस वर्षं थांबले होते!"

कामाक्कांनी पेटी दुरुस्त करून आणली. आणि पुढच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "त्या मांडववाल्यासही कांहीं सांगावयाचें आहे. तूं चल."

तेव्हापासून जिथं कुणाला तोंड उघडायची लाज, तिथं मला पुढं करतात. मी तोंडाला येईल ते बोलते आणि कामाक्का मागून हात जोडतात, "मनावर घेऊं नका वो, डोक्यास मार लागलाहे हिच्या!"

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. गाण्याचं तसं जात नव्हतं; म्हणता म्हणता पद विसरायचे. सात-आठ महिने मी मागं बसत होते. पुढं माझी चटई मात्र दर शनिवारी अंथरलेली असायची, रिकामी. तिच्यावर कुणीच बसलं नाही. एकादशीच्या मोठ्या भजनाला कामाक्कांनी मला दंडाला धरून तिथं नेऊन बसवलं. स्वामीमलैचं बायकांचं मंडळही ऐकायला आलं होतं.

पद नीट पार पडलं असं मला वाटलं. घरी आल्यावर यजमान हळूच म्हणाले, "तिसरं कडवं चारदा म्हटलंस."

चारदा! आणि चारही वेळा सगळ्या जणी मागून म्हणत राहिल्या होत्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, पेटी अडखळली नाही, झांज चुकली नाही. त्या दिवशी मी पोटभर रडले. माझ्यावर इतकी माया आजवर कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामींकडून कळलं, की भजन संपल्यावर स्वामीमलैची एक बाई वही घेऊन आली होती. "तिसरं कडवं चारदा, ही तुमची जुनी पद्धत का?"

कामाक्कांची पापणीसुद्धा लवली नव्हती. "माझ्या आजेसासूच्या वेळची."

*

यंदाच्या एकादशीला मी महिनाभर आधीपासून तयारी केली. बोटांवर मोजत म्हटलं, वहीत खुणा केल्या. यजमान रोज सकाळी परीक्षा घ्यायचे. बसले पुढं. यंदा स्वामीमलैचं मंडळही आमच्याबरोबर मागून म्हणायला आलं होतं. पहिलं कडवं एकदा, दुसरं एकदा, तिसरं एकदा. एकही चूक नाही! छाती फुगवून चौथं उचललं.

मागून कुणीच म्हणेना.

डोळे उघडले. स्वामीमलैच्या सगळ्या बायका माझ्याकडे टकामका बघत होत्या. त्या वहीवालीनं पानावर बोट ठेवलं आणि अदबीनं म्हणाली, "अम्मा, तिसरं अजून तीनदा राहिलं."

मी कामाक्कांकडे पाहिलं. त्यांनी पेटीवरचे हात उचलले, पाहुण्यांकडे वळून जोडले आणि म्हणाल्या,

"मनावर घेऊं नका वो, डोक्यास मार लागलाहे हिच्या!"