आई बोलली, लेकीने सांगितलं

"मॅडम, माझं परतीचं तिकीट बघा," स्नेहल फोनवर म्हणाली. इंग्लंडला जाऊन तिला जेमतेम दोन आठवडे झालेले.

मी टेंभी नाक्याजवळच्या एका ऑफिसात काउन्सेलर आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांची अ‍ॅडमिशन, व्हिसा, राहण्याची सोय बघते. स्नेहल कोपरची, मराठी माध्यमातली, एम.एस्सी.साठी निवडलेली. इंग्रजी थोडं कमी पडलं म्हणून युनिव्हर्सिटीने तिला आधी प्री-सेशनल करायला लावलेलं. म्हणजे डिग्रीआधीचा भाषेचा कोर्स. त्यात नापास झालं की अ‍ॅडमिशन रद्द.

"लिहिते मी नीट," स्नेहल सांगत होती. "पण वर्गात तोंडच उघडत नाही. घरी पण नाही."

घर म्हणजे होमस्टे. मार्गरेट नावाच्या एकट्या आजींकडे ती राहायची आणि ताट घेऊन सरळ खोलीत जायची.

"समजाव तिला," आमचे सर म्हणाले. ते करून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिची आई ऑफिसात आली. "मला त्या बाईंशी बोलायचंय. पोरगी जेवते का, एवढंच विचारायचंय."

व्हिडिओ कॉल लावला. मार्गरेट आणि स्नेहल शेजारी शेजारी बसलेल्या. आईला इंग्रजी येत नव्हतं. मी भाषांतर करणार होते, पण थांबले. "स्नेहल, तू सांग."

आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, माझी मुलगी बुजरी आहे. भूक लागली तरी मागणार नाही. तुम्हीच वाढा."

स्नेहल पुटपुटली, "शी सेज थँक यू."

"मी एवढं बोलले आणि तू थँक यूवर भागवलंस? तेवढं मला कळतं हो."

मार्गरेट वाट बघत होत्या. मग स्नेहलने अडखळत, क्रियापदांचे काळ चुकवत सगळं सांगितलं. स्वतःबद्दलच. 'हर डॉटर' असं म्हणत.

मार्गरेट बराच वेळ बोलल्या. स्नेहलने डोळे पुसले. "आई, त्यांना वाटलं, मलाच त्यांच्यासोबत बसायचं नाही. म्हणून त्याही विचारत नव्हत्या. एकट्याच जेवतात गं त्या."

"मग आजपासून दोघी एकत्र जेवा," आई म्हणाली. "आणि हेही सांग त्यांना."

तिने सांगितलं. या वेळी न अडखळता.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. दर रविवारी आई आणि मार्गरेट गप्पा मारायच्या, स्नेहल मध्ये. कोर्सच्या स्पीकिंग परीक्षेत ती काठावर पास झाली. आता एम.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे.

"काय समजावलंस तिला?" सर अजून विचारतात. काहीच नाही. काउन्सेलरला पगार बोलण्याचा मिळतो. त्या दिवशी तो मी गप्प बसून कमावला.