न सांगितलेला बिघाड

मृणालिनीने विक्रांतला माफ केलेलं नाही आणि करायचा तिचा विचारही नाही. कुणी विचारलंच तर चहा गाळता गाळता ती हे सांगून टाकते, आवाजही न चढवता.

आम्ही आयर्लंडमधल्या लेटरकेनीला आलो तेव्हा आमच्या रांगेतलं दुसरं मराठी घर त्यांचंच होतं. माझा नवरा हॉस्पिटलमध्ये, ते दोघं नवरा-बायको सॉफ्टवेअरमध्ये. विक्रांत मोठमोठ्या सिस्टिम्स आखायचा. मृणालिनी टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकणारी. "आम्ही बांधतो, ही मोडते," असं तो पाहुण्यांना सांगायचा. सगळे हसायचे. तीही हसायची, पण तेवढ्यापुरतीच.

विक्रांतचा जीव होता तो शेडमधल्या जुन्या फियाटवर. आपल्याकडे पुढे पद्मिनी म्हणून धावली, त्याच जातीची. पुण्यात त्याच्या वडिलांकडे तसलीच होती. पण इथल्या डोनेगलच्या डोंगरांवर तिचं मूळचं इंजिन धापा टाकायचं, म्हणून त्याने ते उतरवलं आणि नंतरच्या काळातलं मोठं इंजिन बसवलं. सगळं स्वतःच्या हाताने. हिवाळ्यातले शनिवार-रविवार तो शेडमध्ये आणि मृणालिनी छोट्या रेवाला घेऊन घरात. इंजिन झकास बसलं. फक्त गाडी तापायला लागली.

जुन्या गाड्यांच्या क्लबची दर उन्हाळ्यात एक फेरी निघते. त्या वर्षी ती ग्लेनगेशच्या खिंडीतून होती. रस्ता अरुंद, नागमोडी आणि चढ असा की मेंढ्याही थांबून थांबून चढतात. अर्ध्या चढावर फियाटने वाफ सोडली. मागच्या सगळ्या गाड्या खोळंबल्या, माणसं उतरून भोवती जमली. विक्रांतने बॉनेट उघडलं, मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाला, "हिला पाणी तपासायला सांगितलं होतं मी. विसरली असणार."

त्याने तसं काही सांगितलेलं नव्हतं. गाडीला हात लावायची तिला परवानगीच नव्हती. पण भुरभुर पावसात, कडेवर रेवा, समोर वीस-पंचवीस अनोळखी तोंडं, आणि मृणालिनी चक्क "सॉरी" म्हणाली. लोक भले. "असू दे गं, होतं असं," म्हणाले.

"त्याने खोटं सांगितलं, त्याचा राग आहेच," ती मला म्हणाली होती. "पण ते सॉरी माझ्या तोंडून निघालं ना, त्यासाठी मी त्याला कधी सोडणार नाही."

काही वर्षांनी विक्रांत डब्लिनला गेला. ग्रँड कॅनाल डॉकला नवीन नोकरी, आणि नोकरीतच भेटलेली नवीन बाई. जाताना गाडी राहिली, कारण तिथे ठेवायला जागा नव्हती. शिवाय गाडी मृणालिनीच्या नावावर होती. वेगाच्या दंडाचे पॉइंट्स त्याच्या लायसन्सवर साठून विमा महागला होता, म्हणून त्यानेच ती तिच्या नावावर करून घेतली होती.

पुढे एकदा त्याचा मेसेज आला. "फियाट न्यायला येतोय. तू ठेवून काय करणार? ग्लेनगेश तुझ्याच्याने चढायची नाही."

तिने सरळ भंगारवाल्याला फोन केला. गाडी चेपताना व्हिडिओ काढायचा आणि विक्रांतला पाठवायचा, असा तिचा बेत होता. भंगारवाला ट्रक घेऊन दारात उभा राहिला, साखळीसुद्धा काढली, आणि हिने त्याला परत पाठवलं. मी खिडकीतून बघत होते. धावत जाऊन विचारलं, तर म्हणाली, "अगं, गाडी गेली तर बिचारा कोण ठरेल? तो. सगळा क्लब त्याच्या गळ्यात पडेल. नको. ही चालली पाहिजे. आणि त्याच्यासमोर चालली पाहिजे."

मग ती शेडमध्ये शिरली.

विक्रांतने तापण्यावर सगळे उपाय केले होते. मोठा रेडिएटर, नवीन पंखा, नवीन थर्मोस्टॅट, नवीन वॉटर पंप. काही झालं की एक भाग बदलायचा आणि नशीब आजमावायचं. मृणालिनीने एकही भाग बदलला नाही. तिने आधी गाडी कधी तापते आणि कधी तापत नाही, तेवढंच पाहिलं. शेडमध्ये नुसतीच चालू ठेवली, तापमानाचा काटा हलला नाही. गावातून हळूहळू फिरवली, तरी नाही. गावाबाहेर रॅमेल्टनच्या रस्त्यावर पळवली, की काटा वर.

"म्हणजे पंखा नाही," ती मला समजावून सांगायची, मला त्यातलं ओ का ठो कळत नसताना. "पंख्याची गरज गाडी उभी असताना. पळताना वारा आपोआप मिळतो. तरी पळतानाच तापते, म्हणजे वारा पुरतोय, पाणी फिरत नाहीये." गॅस्केट फुटून इंजिनातला गॅस पाण्यात मिसळतो का, तेही तिने तपासणीचं किट आणून पाहिलं. मिसळत नव्हता.

मग पाणी अडतंय कुठे? थांबून बॉनेट उघडलं की सगळं ठाकठीक दिसायचं. टेस्टरचा हा रोजचा अनुभव: बघायला गेलं की चूक गायब. तिने विक्रांतने सायकलसाठी घेतलेला छोटा कॅमेरा कपाटातून काढला, बॉनेटखाली पक्का बांधला, सोबत एक टॉर्च लावला आणि गाडी चढावर पळवली.

तो व्हिडिओ मी पाहिलाय. रेडिएटरच्या खालून पंपाकडे जाणारा रबरी पाइप. गाडी हळू असताना चांगला गोल. वेग वाढला तसा तो आत ओढला जाऊ लागला आणि बघता बघता पार चपटा झाला, कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढावी तसा. पाणी बंद. वेग उतरला की पुन्हा गोल. नवीन इंजिनचा पंप दुसऱ्या बाजूला होता, तयार पाइप बसत नव्हता, म्हणून विक्रांतने एक मऊ पाइप वाकवून बसवला होता. एवढंच. बाकी सगळे नवीन भाग फुकट.

तिने आतून तारेचं वेटोळं असलेला, न चेपणारा पाइप मिळवून बसवला. मग रोज वेगळ्या चढावर, रेवा कंटाळून रडकुंडीला येईपर्यंत गाडी पळवली. काटा मधोमध.

पुढच्या फेरीला विक्रांत आला होता, एका मित्राच्या गाडीत बसून. मी आमच्या गाडीतून मागे होते. मृणालिनी ग्लेनगेशचा चढ न थांबता चढली, वरच्या मोकळ्या जागेत गाडी लावून लोकांना चिवडा वाटू लागली. विक्रांत पोचला. फियाटला एक चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवून पाहिला.

"काय केलंस?"

"चढवली."

"ते दिसतंय. होतं काय? गॅस्केट?"

"नाही."

"मग? बॉनेट उघड ना जरा."

"नको."

भोवती माणसं जमली होती. मृणालिनी त्यांच्याकडे वळून स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "याने मला पाणी तपासायला सांगितलं होतं. आठवतंय ना तुम्हाला? तपासलं." दोघं-तिघं जुने सभासद विक्रांतकडे बघत राहिले. त्याचा चेहरा लाल झाला. तिने चिवड्याचा डबा त्याच्याही पुढे केला. त्याने घेतला नाही.

त्यानंतर त्याचे मेसेज सुरू झाले. आधी थट्टेचे, मग अजिजीचे. रेवालाही विचारून झालं. रेवाने बापाला उत्तर दिलं, "आस्क मॅम." इकडची मुलं आईला मॅम म्हणतात.

गेल्या वर्षी त्याने दुसरी फियाट घेतली आणि तिच्यातही तसलंच इंजिन बसवलं. किलकेनीला एका मेळाव्याला निघाला असताना मोटरवेच्या कडेला वाफेत उभं राहून त्याने मृणालिनीला फोन केला. मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. तिने फोन स्पीकरवर टाकला. मागून ट्रक गेल्याचे आवाज येत होते.

"मृणाल, प्लीज. पंखा चालू आहे. पाइप सगळे ठीक आहेत, मी बघितले."

"थांबल्यावर बघितलेस?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

"मग काय पळत्या गाडीत बघू?" तो वैतागून म्हणाला.

उत्तर त्याच्याच तोंडात होतं, आणि त्याला ते दिसत नव्हतं. मी तिच्याकडे बघत होते. एक शब्द पुरला असता.

"ठेवते," ती म्हणाली. "मीटिंग आहे."

मीटिंग नव्हती. तो इंजिन थंड करून तसाच पुढे गेला आणि किलकेनीच्या अलीकडे ते कायमचं बसलं. हे रेवाकडून कळलं. "दॅट वॉज हार्श, मॅम," रेवा म्हणाली.

"हो," मृणालिनी म्हणाली. "जॅकेट घाल, फियाटमधून एक चक्कर मारून येऊ."

मी नंतर तिला विचारलं, थोडंसुद्धा वाईट वाटलं नाही का? तिने खरंच विचार केला.

"इंजिनचं वाटलं," ती म्हणाली, आणि किल्ली घेऊन शेडकडे गेली.