गाडी कोण हाकतो?

गाडीची किल्ली हातात दिली की ते मिस्त्री आधी ती स्वतःच्या खिशात टाकायचे, खिशावरून एकदा हात फिरवायचे आणि मग मालकाकडे असं बघायचे, की गाडी आपलीच असूनही आपल्याला घाम फुटावा. "आतां खरें सांगा," ते म्हणायचे.

बॉनेट उघडायच्या आधी मालकाची जबानी. तुम्हीही संशयी मिस्त्री पाहिले असतील, पण त्यांचा संशय गाडीवर असतो. यांचा माणसांवर.

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत त्यांचं एका शटरचं दुकान होतं. जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. आमच्या सोळा वर्षांच्या गाडीला चालता चालता मध्येच बंद पडायचं वेड लागलं होतं. पाच मिनिटांनी पुन्हा सुरू, जणू काही घडलंच नाही. दोन गॅरेजं झाली, पण मेकॅनिक समोर आला की गाडी शहाण्यासारखी वागायची. मग एकदा एग्मोरच्या पुलावर, भर उन्हात ती बंद पडली. मागच्या सीटवर सासूबाई. त्यांना आठवड्यातून दोनदा गुडघ्याच्या व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यावं लागायचं आणि रिक्षाची पायरी काही त्यांना चढवत नसे. मागे बसवाला हॉर्न वाजवतोय आणि सासूबाई शांतपणे विचारतायत, "आलं का हॉस्पिटल?"

मी घरात जाहीर केलं, हा शेवटचा मिस्त्री. यालाही दोष सापडला नाही तर गाडी विकणार. बायको खिळ्यावरच्या किल्लीकडे बघत राहिली. हे खरं तर मला खटकायला हवं होतं.

पहिल्या दिवशी त्यांना बघून मी बायकोला हळूच म्हणालो, "चेहऱ्यावरूनच लुटारू वाटतो. आपली चांगली बॅटरी काढून जुनी बसवेल बघ." चेन्नईत मराठीत बोललं की आपल्याभोवती भिंत आहे असं वाटतं. त्या भिंतीपलीकडून उत्तर आलं, "बॅटरी नको सार. मजकडे आहे."

ते तंजावरकडचे मराठी निघाले. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेल्या घरातलं, तमिळ हेलाचं जुनं मराठी. बायको तोंडावर ओढणी धरून खांबाआड गेली. मी बंद बॉनेटकडे बघत राहिलो.

"गाडी कोण हाकतो?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"आणखी कोण?"

"कोणी नाही."

"खरें सांगा, सार."

आता आली का पंचाईत! मग वातावरण हलकं करायला मी माझा हुकमी किस्सा काढला: बायकोने गाडी सोसायटीच्या फाटकावर कशी घातली, वॉचमन खुर्चीसकट कसा उडी मारून पळाला आणि तेव्हापासून ती किल्लीला हात कशी लावत नाही. हा किस्सा मी लग्नांत, बारशांत, एकदा तर तेराव्यालाही सांगितला आहे. लोक पोट धरून हसतात. ते हसले नाहीत. बायकोकडे बघून म्हणाले, "किती वर्षें झालीं, अक्का?"

"सहा," ती म्हणाली आणि उगाच गाडीची काच पुसू लागली.

गाडी दोन दिवस त्यांच्याकडे राहिली. बंद पडली नाही. जाताना मी गुपचूप मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो काढून ठेवला होता. परत घ्यायला गेलो तर त्यांनी तेच आकडे लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "तुम्ही फोटो काढलां. मी लिहून ठेवलें." मग खिशातून किल्ली काढता काढता म्हणाले, "सीट कोण पुढें सरकवतो?"

"कोणी नाही. मी एकटाच चालवतो, सरकवू कशाला?"

"रुळावर धूळ नाहीं."

मी ओळखलं, आता हा सीट बदलायला लावणार.

तिसऱ्यांदा त्यांनी सगळं कुटुंबच बोलावलं. सासूबाई मागे. इंजिन सुरू. मला त्यांनी बॉनेटपाशी उभं केलं आणि बजावलं, "इंजिनावरचा डोळा काढू नका." मग बायकोला चालकाच्या जागी बसवलं. मी इमानाने इंजिनाकडे बघत राहिलो. एकाएकी ते बंद पडलं.

"सांपडलें!" आतून आवाज आला.

सीटच्या रुळाखाली, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची वायर सोलवटली होती. कधी चिकटायची, कधी सुटायची; सुटली की इंजिन बंद. "कशाने?" मी विचारलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. साऱ्या जगाकडून खरं वदवून घेणारा तो माणूस म्हणाला, "उंदीर, सार. फार उंदीर आहेत या गांवांत." मी घरी जाऊन चार पिंजरे लावले. एकही उंदीर सापडला नाही.

महिन्याभराने माझी कंबर धरली. सासूबाईंचा हॉस्पिटलचा दिवस. मी आडवा पडून रिक्षाचा विचार करत होतो, तेवढ्यात बायकोने खिळ्यावरची किल्ली उचलली आणि आईला घेऊन गेली. दोन तासांनी परत आली. फाटक शाबूत होतं.

मग सगळं बाहेर आलं. रोज सकाळी मी पोट कमी करायला तासभर चालायला जायचो, तेव्हा ती गाडी काढायची. चार महिने. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. सीट पुढे ओढायची आणि मी यायच्या आत पुन्हा मागे. वॉचमनला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं. "सांगायचं ना मला," मी म्हणालो.

"तुम्ही किस्सा केला असता," ती म्हणाली.

त्या दिवशी दुकानात सीट ओढायला तिचा हात आपसूक खाली गेला होता आणि सीट सरकताच इंजिन बंद पडलं होतं. ते तिला हळूच एवढंच म्हणाले होते, "आतां वायर वरून घेतों, अक्का. खुशाल सरकवा."

दिवाळीत आम्ही फराळाचा डबा घेऊन गेलो. बायको गाडी चालवत होती. शटर बंद. शेजारच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, दुकान कायमचं बंद केलं, मुलीकडे गेले. कुठे ते त्याला माहीत नव्हतं.

बायकोने स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. "त्यांना एकदा चालवून दाखवायची होती," ती म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आडवा होता, मागे भाजीची हातगाडी. तिने गाडी उलटी काढायला घेतली. माझ्या जिभेवर निदान तीन सूचना आल्या होत्या. मी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि समोर बघत बसलो.