ऐंशीमामांचं टेबल

ऐंशीमामांचं खरं नाव आमच्या प्रयोगशाळेत फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी सगळे, साहेबांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत, त्यांना ऐंशीमामाच म्हणायचे. टेबल जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटर उंच, टेबलावरचं खोकं आणि मोजणीची पेटी यांच्यात अंतर ऐंशी सेंटिमीटर, आणि दिवसातून निदान पाच वेळा पत्र्याच्या खोलीतून आरोळी: "ऐंशी म्हणजे ऐंशी! साडेएकोणऐंशी घरी ठेवा!"

आमचं काम सांगायला सोपं आहे. टेलिफोनचं एक्स्चेंज असो की इंटरनेटचा राउटर, असलं कुठलंही खोकं चालू असताना आपल्याच वायरींमधून बारीकशी विद्युत कुरकुर बाहेर सोडत असतं. ती फार झाली की शेजारच्याचा रेडिओ खरखरतो आणि शेजारी भांडायला येतो. आम्ही ती कुरकुर मोजतो. पडद्यावर एक लाल रेघ असते. खोक्याची निळी रेघ तिच्या खाली राहिली तर पास, एका जागी जरी तिने डोकं वर काढलं तर नापास. यंत्र मी चालवते, शेजारच्या खोलीत, पंख्याखाली बसून. पण यंत्र बिचारं समोर येईल तेच दाखवतं. वायर कशी पडली आहे, भिंत किती लांब आहे, यावर निळी रेघ वरखाली होते. म्हणून खरी मेख मांडणीत, आणि मांडणी मामांची.

बारा वर्षं मी त्यांची बडबड ऐकली. उरलेली वायर कुणी गोल गुंडाळली की त्यांचा पारा चढायचा. "विहिरीचा दोर आहे का हा? नागमोडी घड्या घाला!" अर्थिंगची पट्टी कुणी रंगवलेल्या पत्र्यावर आवळली तर म्हणायचे, "आधी रंग खरवडा. हातमोजे घालून कुणी नाडी बघतं का?" घरीही तोच प्रकार. मामी एकदा मला म्हणाल्या, "तीस वर्षांत या माणसाने एका टॉवेलाची घडी घातली नाही गं. इस्त्रीच्या वायरीची मात्र रोज घालतात."

त्यांची लेक शाळेला सुट्टी लागली की त्यांच्याबरोबर यायची. मामा मोजायचे, ती टेपचं दुसरं टोक धरायची. टेबल आणि मागची पत्र्याची भिंत यांच्यात चाळीस सेंटिमीटरची फट असते. आम्ही सगळे त्या फटीतून आडवे होऊन, पोट आत घेऊन सरकतो. ती मात्र खुशाल पळत जायची. ज्या दिवशी तिला पहिल्यांदा आडवं व्हावं लागलं, त्या दिवशी मामांनी सगळ्या खोल्यांमधून फिरून सांगितलं, "लेक मोठी झाली!"

ती खरंच मोठी झाली, इंजिनीअर झाली. आणि एके दिवशी तिच्या कंपनीने तिच्या हातात एक अख्खं डिझाइन दिलं: दवाखान्यांसाठीचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. पास झालं तर पुढची डिझाइनंही तिची. नाही तर पुन्हा दुसऱ्यांच्या चुका तपासत बसायचं. तिच्या साहेबांनी हे गोड शब्दांत, पण अगदी स्पष्ट सांगितलं होतं. चाचणी आमच्याकडेच होती.

मी आमच्या साहेबांना आधीच विचारलं, "मामांना मांडणी करू द्यायची का? लेक आहे त्यांची."

"मामांवर संशय घ्यायचा म्हणतेस?" साहेब म्हणाले. "मांडणी त्यांची, मोजणी तुझी, सही माझी."

मलाही ते पटलं. मामा आणि लेकीसाठी मापात सूट देणार? छे!

चाचणीच्या सकाळी लेक खोकं घेऊन आली, आणि मामा इस्त्रीचा शर्ट घालून. नेहमीसारखं सगळं टेबल हलवून जमीन पुसून घेतली. जमिनीवर खुणा करून ठेवायला त्यांचा कायम विरोध. खुणा पाहिल्या की माणूस मोजायचं सोडतो, असं त्यांचं म्हणणं. मग टेबल लावलं, वायरींच्या घड्या घातल्या, खोकं बंद ठेवून रिकामी मोजणी दोनदा करायला लावली. एकदाही आरोळी आली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण माझाच जीव टांगणीला लागला होता.

खोकं चालू केलं. निळी रेघ धावत गेली आणि शेवटपर्यंत लाल रेघेच्या खाली राहिली, सगळ्यात उंच जागीसुद्धा तीन डेसिबल खाली! मी टाळ्याच वाजवल्या. मामा स्टुलावर बसले आणि चष्मा पुसू लागले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

लेक आपली वायर काढायला टेबलामागे गेली. गेली आणि तिथेच थांबली.

"बाबा, टेप द्या."

"कशाला? झालं की आता."

"मी आत्ता इथून सरळ चालत गेले."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी टेप दिली. एक टोक तिने भिंतीला लावलं, दुसरं टेबलाच्या कडेला. चाळीसच्या जागी ऐंशी होते. जन्मभर जो आकडा ओरडत आले, तोच त्या दिवशी गडबडीत त्यांच्या हातून भिंतीपाशीही लागला होता. भिंत लांब गेली की कुरकुरीला पळायची वाट कमी मिळते, आणि निळी रेघ खाली बसते.

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? मला तरी नाही. बारा वर्षांत मी त्यांच्या मांडणीला कधी टेप लावली नव्हती, आणि याची मला आजही लाज वाटते.

टेबल चाळीसवर आणलं. पुन्हा मोजलं. निळी रेघ एका जागी लाल रेघेच्या वर गेली, दोन डेसिबलने. नापास.

तिने तिथेच उभं राहून फोन लावला. "साहेब, मघाशी पास झालं होतं, पण मांडणी चुकली होती. बरोबर मांडणीत नापास आहे. मला आठ दिवस द्या." पलीकडचा आवाज भिंतीपर्यंत ऐकू येत होता. तिने ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर डोळे पुसले, आणि मग हसत म्हणाली, "मिळाले आठ दिवस. सोबत शिव्याही मिळाल्या."

मामांनी नोंदवहीत स्वतःच्या हाताने चूक लिहिली. आमचे साहेब त्यांना काही बोलले नाहीत, मला बोलले. बरोबरच होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे एकाने मांडायचं आणि दुसऱ्याने टेप लावून मोजायचं असा नियम झाला.

आठव्या दिवशी ती परत आली. कुरकुर अडवणारा फिल्टर खोक्यात आत कुठेतरी लांब बसवला होता, तो तिने वायर जिथे आत शिरते तिथेच आणून बसवला होता. मामा कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे. "मी हात लावणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"तुम्हीच मांडायचं," ती म्हणाली. "मोजायला मी आहे ना."

मांडलं. मोजलं. खोलीतून आरोळी आली, "ऐंशी!" आणि लगेच तिची, "आणि भिंतीपाशी चाळीस!" खोकं चार डेसिबलने पास झालं. पुढचं डिझाइन तिलाच मिळालं. शिव्या देणाऱ्या साहेबांनीच दिलं.

महिन्याभराने मी मामांकडे चहाला गेले. बसायच्या खोलीत एक नवी फ्रेम होती, पण भलत्याच खाली लावलेली. मी वाकून बघितलं. आत पास झाल्याचा दाखला नव्हता. लाल रेघेच्या वर डोकं काढलेली ती निळी रेघ होती, आणि खाली दोन सह्या: मांडणाऱ्या मामांची आणि टेप लावणाऱ्या लेकीची.

"पाहुण्यांना काय सांगायचं ते तूच सांग आता," मामी कपबशा ठेवत म्हणाल्या. "नापास झाल्याचा कागद लावलाय, तोही कमरेच्या खाली. सगळ्यांना वाकायला लागतं."

उंची ऐंशीच असणार, विचारायची गरजच नव्हती. तरी मी विचारलं, "मामा, मोजून लावलीत ना? या वेळी कुणी तपासलं?"

"मोजलं तिने, खिळाही तिनेच ठोकला," मामा म्हणाले. "मी फक्त टेपचं दुसरं टोक धरलं होतं."