सालईनाल्याच्या नावाचं पाणी

सुंदराबाई तायडे अकोल्याच्या आमच्या संशोधन केंद्रात बाटल्या धुवायला लागल्या तेव्हा दहावी नापास होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा पाण्याचा जडपणा, आम्लता, नायट्रेट हे सगळं त्या आमच्यापेक्षा चोख काढत. हुद्दा मात्र शेवटपर्यंत शिपायाचा. त्यांनी मोजायचं, मी लिहायचं आणि साहेबांनी सही करायची, अशी रीत होती.

चिखलदऱ्याच्या खालच्या जंगलात सालईनाला आहे. त्याचं पाणी दर महिन्याला बर्फाच्या पेटीतून, एसटीनं आमच्याकडे यायचं. नाल्याच्या वरच्या अंगाला शेत नाही, वस्ती नाही. म्हणजे या पाण्यात जे सापडेल ते हवेतूनच आलेलं. गाड्यांचा, भट्ट्यांचा, जाळलेल्या धसकटांचा धूर, शेतातल्या युरियाची वाफ, सगळं पावसाबरोबर जंगलावर उतरतं. झाडं पितात तेवढं पितात, उरलेलं नाल्यात येतं. सुरुवातीला नायट्रेट जेमतेम सापडे. वीस वर्षांत ते चौपट झालं. त्या आलेखातला ठिपका न् ठिपका सुंदराबाईंच्या हातचा होता. नाला मात्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. दौऱ्याच्या जीपमध्ये शिपायाला जागा नसे.

सात वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी तेव्हा याच नाल्यावर पीएच.डी. करत होतो.

"अद्वैतसर, हे सालईनाल्याचं पाणी नाई."

"का?"

"जडपणा तिप्पट निंगून राहिला. तीन डाव करून पाहिलं. अन् वासही लोखंडाचा येते. मी खारपाणपट्ट्यातली आहे, सर. जमिनीच्या पोटातलं पाणी मले समजते."

मी त्यांची वही पाहिली. तीनही आकडे अगदी जुळत होते. तरी मी म्हणालो, "सुंदराबाई, हल्ली हिवाळाही तापतो; पाणी आटलं की क्षार वाढतात. तुमचं काम मोजायचं. पाणी कुठलं ते आम्ही पाहू."

वही उचलून त्या गेल्या. पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. मी त्या तिप्पट आकड्यावर आख्खं प्रकरण लिहिलं. वाढत्या तापमानानं जंगलातल्या ओढ्यात क्षार कसे साठतात, याचं ते प्रकरण. परीक्षकांना तेच सर्वांत आवडलं. मी डॉक्टर झालो, प्रबंधाचं पुस्तकही निघालं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा केंद्रातर्फे शाल दिली. आणखी काय हवं, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "मले तो नाला पाहाचा आहे."

फेब्रुवारीत मी त्यांना घेऊन गेलो. मीही चार वर्षांत फिरकलो नव्हतो, आणि त्याआधी जायचो तेही पावसाळ्यात, पाणी भरपूर असतं तेव्हा. बाटल्या भरणारे डोमाजी आम्हाला जंगलात घेऊन गेले. एका उतारावर ते थांबले.

"हाच."

समोर नुसते दगड होते. त्यांवर वाळलेल्या शेवाळाची राखाडी खपली होती आणि मध्ये पाण्याची पातळी मोजायची आमची पट्टी उभी होती. सुंदराबाई खाली उतरल्या. दोन-तीन दगड उलटून पाहिले. खालची माती कोरडी होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सात साल झाले, बाई. आंधी दगडावर शेवाळ चढलं. मंग खेकडे गेले. मंग पाऊस दसऱ्याच्या आंधीच सरू लागला, अन् दिवाळीनंतर थेंबही राहेना."

"मंग आमच्याकडं बाटल्या कायच्या येत होत्या?"

डोमाजींनी खालच्या गावाकडे बोट केलं. "हापशीच्या."

"कावून?"

"पह्यल्या साली म्या पेटी धाडलीच नाई. पाणीच नाई तं काय भरू? तं हापिसातून फोन आला. बाटली आली नाई तं माणूस बदलू म्हणे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमीच होते, सर. मी सांगत होतो नाला सुकला म्हणून, पण तुमी फोन ठेवून देला."

मला तो फोन आठवला. प्रबंधाची तारीख जवळ आली होती आणि तक्त्यात एक महिना रिकामा राहत होता.

सुंदराबाई काठावर बसल्या. म्हणाल्या, "सात साल मी हापशी मोजली."

परतल्यावर मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आकडेवारी सलग आहे, हीच आपल्या प्रकल्पाची किंमत. आता उकरून काढलंस तर तुझी पदवी जाईल, माझंही नाव जाईल. नाला काही परत येणार नाही." मला ते पटलं. खरं तर पटवून घ्यायलाच मी गेलो होतो.

सुंदराबाईंनी मात्र स्वतः पत्र लिहिलं. नाला हिवाळ्यात मेलेला आहे आणि आपल्या कागदावर तो वाहतो आहे, हे सरळ दुरुस्त करा, एवढंच त्यात होतं. केंद्रानं तत्परतेनं चौकशी केली. डोमाजींनी खोटे नमुने पाठवल्याचं ठरलं आणि त्यांना काढून टाकलं. अहवालातला एकही आकडा बदलला नाही.

मध्यंतरी त्या मला बसस्टँडवर भेटल्या. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

"डोमाजीची रोजी माह्या पत्रानं गेली," त्या म्हणाल्या. "मी जाऊन त्याचे पाय धरून आली. तुमी गेले होते?"

मी गाड्यांच्या पाट्यांकडे पाहू लागलो.

"तुमच्या त्या पुस्तकात आभाराच्या पानावर माह्यं नाव हाये म्हणे. ते खोडा."

"छापून झालंय, सुंदराबाई. आता कसं खोडणार?"

"पेनानं," त्या म्हणाल्या आणि मूर्तिजापूरच्या गाडीत चढल्या.